शुल्क शून्य, तरी ब्रिटनची युरोपला जाणारी निर्यात का अडली?

शून्यदर

मंडळी, युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेवर नेमका काय परिणाम झाला, हे आकड्यांसकट समजून घ्यायचं आहे. बाहेरची चर्चा ‘बरं झालं की वाईट झालं’ इथेच अडकते, म्हणून इथे विचारतोय.

घटनाक्रम माहीत आहे. २३ जून २०१६ ला सार्वमत, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन औपचारिकरीत्या बाहेर, पण वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम. २४ डिसेंबर २०२० ला व्यापार आणि सहकार्य करार ठरला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. त्यात दोन्ही बाजूंच्या मालावर शुल्क शून्य आहे, कोटाही नाही.

माझी गाडी इथेच अडते. पुस्तकातलं गणित सोपं आहे: गट सोडला की आयातशुल्क लागतं, शुल्क लागलं की माल महागतो, माल महागला की व्यापार घटतो. इथे तर शुल्कच नाही. तरीही ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ओबीआर, ही ब्रिटनची अधिकृत अंदाज बांधणारी संस्था असं धरून चालते की दीर्घकाळात आयात आणि निर्यात दोन्ही १५ टक्क्यांनी कमी राहतील आणि उत्पादकता ४ टक्क्यांनी. शुल्क नसताना १५ टक्के कुठून आले? आणि हे ४ टक्के मोजले कसे? मधे कोविड येऊन गेला, त्याचा परिणाम वेगळा काढता येतो का?

जकातनोंद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मोजमापाबद्दल दुसरं कोणी लिहील.

युरोपीय संघात दोन वेगळ्या व्यवस्था एकमेकींवर बसलेल्या आहेत. एक सीमाशुल्क संघ: आतल्या देशांत शुल्क नाही आणि बाहेरच्या जगाला सगळ्यांचं एकच शुल्क, त्यामुळे आत फिरणारा माल मुळात कुठला हे विचारायची गरजच पडत नाही. दुसरी एकल बाजारपेठ: उत्पादनाचे नियम सामाईक, त्यामुळे तपासणी कारखान्यात आणि बाजारात होते, सीमेवर नाही. ब्रिटन एकाच दिवशी दोन्हींतून बाहेर पडलं. मुक्त व्यापार करारामुळे शुल्क जातं, सीमा जात नाही. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे पण सीमाशुल्क संघात नाही, तुर्कस्तानचं उलट आहे. दोघांच्याही ट्रकना युरोपीय संघाच्या वेशीवर कागद दाखवावे लागतात.

हे कागद काय असतात ते एका ट्रकवरून बघा. समजा स्कॉटलंडहून फ्रान्सच्या बुलोन-सुर-मेरला ताजी मासळी जाते आहे. २०२० पर्यंत संध्याकाळी माल भरला की दुसऱ्या दिवशी तो तिथल्या बाजारात असायचा, सोबत फक्त बिल आणि वाहतुकीची चिठ्ठी.

जानेवारी २०२१ पासून आधी दोन्हीकडच्या व्यापाऱ्याला ईओआरआय नंबर, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडचा नोंदणी क्रमांक, हवा. मग मालाचा कमोडिटी कोड ठरवायचा, निर्यातीसाठी आठ आकडी आणि आयातीसाठी दहा आकडी. हा कोड चुकला तर पुढचं सगळंच चुकतं, कारण कोणतं सर्टिफिकेट लागणार हे त्यावरच ठरतं. समुद्रातून पकडलेल्या मासळीला कॅच सर्टिफिकेट: कोणत्या बोटीने, कुठे पकडली. त्यावर निर्यात आरोग्य प्रमाणपत्र, ज्यावर सरकारमान्य पशुवैद्याची किंवा स्थानिक परिषदेच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याची सही लागते. हे प्रमाणपत्र जिथे माल युरोपात शिरतो त्या देशाच्या भाषेतही लागतं, म्हणजे इथे फ्रेंचमध्ये. सही आणि शिक्का काळ्या शाईत चालत नाहीत, छापील मजकुराहून वेगळा रंग हवा. लागू नसलेली कलमं एकेक करून खोडायची आणि प्रत्येक खोडीजवळ सही-शिक्का. मग ट्रेसेस या युरोपीय प्रणालीत आगाऊ सूचना, ब्रिटनच्या कस्टम्सकडे निर्यात डिक्लरेशन, फ्रान्सच्या कस्टम्सकडे आयात डिक्लरेशन, आणि वाहनासाठी वेगळं सुरक्षा डिक्लरेशन. फ्रेंच डिक्लरेशनचा बारकोड ब्रिटनच्या किनाऱ्यावरच ट्रकच्या नंबरप्लेटशी जोडला जातो. ट्रक इंग्लिश खाडी ओलांडत असताना प्रणाली ठरवते की हिरवी मार्गिका (सरळ पुढे) की नारिंगी (थांबून तपासणी). प्राणिजन्य माल असला की तपासणी नाका चुकत नाही.

आता यात मोडतं कुठे? एकाच निर्यातदाराचा, एकाच प्रकारचा, भरलेला ट्रक असेल तर हे सगळं जमतं. पहिल्या महिन्याचा त्रास सरला की हात बसतो. मोडतो तो ग्रुपेज, म्हणजे दहा-पंधरा छोट्या निर्यातदारांच्या पेट्या एकत्र भरलेला ट्रक. प्रत्येकाची प्रमाणपत्रं वेगळी. एकाच्या कागदावर शिक्का राहिला की सगळा ट्रक उभा राहतो, आणि जिवंत लँगुस्टीनचा, म्हणजे मोठ्या कोळंबीसारख्या जीवाचा, भाव तासागणिक उतरतो. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटिश मासळीची जी कोंडी झाली ती याच प्रकारातली.

खर्चाचं गणित शुल्कासारखं टक्क्यांत नसतं. ते खेपेमागे ठरलेलं असतं, आणि तुमच्या कोड्याचं उत्तर इथेच आहे. आरोग्य प्रमाणपत्राला २०० पौंडांपर्यंत खर्च येतो. त्यात एजंटचं डिक्लरेशन, दोन्ही बाजूंचं, धरून खेपेला ४०० पौंड होतात असं समजा. ४०,००० पौंडांच्या ट्रकवर तो १ टक्का झाला. २,००० पौंडांच्या खेपेवर २० टक्के. ज्याचं मार्जिन ८ टक्के आहे तो दुसऱ्या खेपेपासून निर्यात बंद करतो. शुल्क शून्य असून एका छोट्या चीज बनवणाऱ्यासाठी ही २० टक्क्यांची जकातच आहे, फक्त ती सरकारच्या तिजोरीत न जाता कागदात जिरते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे शुल्कापेक्षा वाईट, कारण शुल्काचा पैसा निदान कुणाला तरी मिळतो.

एकूण आकार कळावा म्हणून: ब्रिटनच्या कर आणि सीमाशुल्क खात्याचा अंदाज होता की वर्षाला ५.५ कोटी डिक्लरेशनऐवजी २७ कोटी भरावी लागतील. ब्रिटिश उद्योगांचा त्यावरचा वार्षिक खर्च त्याच खात्याने ७.५ अब्ज पौंड धरला होता.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सेंटर फॉर इकॉनॉमिक परफॉर्मन्सने एक लाखाहून जास्त कंपन्यांच्या नोंदी तपासून डिसेंबर २०२४ मध्ये जो निष्कर्ष काढला तो याच्याशी जुळतो. २०२२ मध्ये करारामुळे वस्तूंची एकूण निर्यात २७ अब्ज पौंडांनी, म्हणजे ६.४ टक्क्यांनी घटली. १६,४०० कंपन्यांनी युरोपला निर्यात पूर्ण थांबवली. मोठ्या कंपन्यांची निर्यात मात्र जवळपास टिकून राहिली. सरासरी आकडा पाहिला तर ही दरी दिसतच नाही.

काही मालाला तर कागद करूनही उपयोग नाही. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पूर्ण स्वच्छ न मानलेल्या, पाण्यातले शुद्धीकरण न केलेले जिवंत शिंपले, स्कॉटलंडचं बटाट्याचं बियाणं आणि गोठवलेले नसलेले कच्चे सॉसेज युरोपीय संघ बाहेरच्या देशाकडून घेतच नाही. ब्रिटन सदस्य असताना हाच माल रोज जात होता. मालात काहीच बदललं नाही, पाठवणारा देश ‘बाहेरचा’ झाला, एवढंच.

मूळदेश

वरचा प्रतिसाद उत्तम. पण ‘शुल्क शून्य’ हेसुद्धा अर्धंच खरं आहे. करारातलं शून्य शुल्क ब्रिटनहून *आलेल्या* मालाला नाही, *मूळ ब्रिटनच्या* मालाला आहे. हा फरक सीमाशुल्क संघात असेपर्यंत कुणाला माहीतही नव्हता.

मोटारीचं उदाहरण घेऊ. युरोपीय संघाचं बाहेरच्या मोटारींवरचं शुल्क १० टक्के. करारानुसार पेट्रोल-डिझेल मोटारीत कारखाना-किमतीच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त मूल्याचे बाहेरचे सुटे भाग चालत नाहीत. समजा मोटारीची कारखान्यातली किंमत २५,००० पौंड आणि ब्रिटन-युरोप सोडून इतरत्र बनलेले भाग १२,५०० पौंडांचे. म्हणजे ५० टक्के. मर्यादा ओलांडली, आणि शुल्क लागणार ते फक्त बाहेरच्या भागांवर नाही, पूर्ण मोटारीवर: २,५०० पौंड. एका मोटारीमागे कारखान्याला सुटणारा नफा याहून कमी असतो.

इलेक्ट्रिक मोटारींसाठी हीच मर्यादा सुरुवातीला ६० टक्के ठेवली, कारण बॅटरी बहुतेक आशियातून येते आणि मोटारीतला सगळ्यात महाग भाग तीच. २०२४ पासून नियम कडक व्हायचे होते. कारखाने तयार नव्हते म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी ती सवलत २०२६ अखेरपर्यंत लांबवली. १ जानेवारी २०२७ पासून मर्यादा ४५ टक्के आणि बॅटरीचा पॅकही ब्रिटन किंवा युरोपातला हवा.

गफलत होते ती साधारण या जागी:

युरोपातल्या पुरवठादाराकडून घेतलेला भाग आपोआप ‘युरोपीय’ होत नाही. जर्मनीतून आलेली मोटर मुळात दुसरीकडे बनून जर्मनीत फक्त खोक्यात भरली असेल तर ती बाहेरचीच. त्यासाठी पुरवठादाराचं लेखी डिक्लरेशन हवं. ते नसेल तर पडताळणीत तो भाग बाहेरचा धरला जातो आणि मागच्या सगळ्या खेपांचं शुल्क अंगावर येतं. निर्यातदाराने हे कागद किमान चार वर्षं ठेवायचे असतात.

पौंड पडला की टक्केवारी बिघडते. बाहेरचे भाग डॉलरमध्ये विकत घेतले असतील तर पौंडातली त्यांची किंमत वाढते, आणि कारखान्यात काहीही न बदलता ४३ टक्क्यांचे ४६ होतात. म्हणून मर्यादेच्या अगदी टोकाशी हिशोब बसवायचा नाही, चार-पाच टक्के जागा सोडायची.

आणि सगळ्यात मोठा फटका: गोदामं. आयर्लंडमधल्या दुकानांना माल पुरवणारी अनेक गोदामं इंग्लंडमध्ये होती. बांगलादेशातून शर्ट इंग्लंडच्या गोदामात यायचे, तिथून वाटप व्हायचं. बांगलादेशातून थेट युरोपीय संघात गेलेल्या शर्टला शुल्क शून्य. तोच शर्ट इंग्लंडमध्ये आयात होऊन मग डब्लिनला गेला तर १२ टक्के, कारण तो ब्रिटनमध्ये बनलेला नाही आणि बांगलादेशाची सवलत वाटेत संपली. फ्रेंच वाइन इंग्लंडच्या गोदामात उतरवून पुन्हा आयर्लंडला पाठवली तरी हाच पेच, कारण करारातली सवलत *दुसऱ्या बाजूच्या* मालाला आहे आणि ही वाइन तर युरोपचीच. तिथे ‘परत आलेला माल’ म्हणून सूट मागता येते, पण तीन वर्षांच्या आत, मालात काही फेरबदल न करता आणि तो मूळ युरोपातून गेल्याचा पुरावा जोडून. नाहीतर माल ट्रान्झिटमध्ये किंवा बंधपत्रित गोदामात ठेवायचा, म्हणजे त्याची ब्रिटनमध्ये आयातच होत नाही. बहुतेकांनी हा व्याप टाळून नेदरलँड्स किंवा आयर्लंडमध्येच गोदाम उघडलं. त्या नोकऱ्या, ते भाडं, तो कर सगळं तिकडे गेलं, आणि निर्यातीच्या आकड्यात ते ‘निर्यात घटली’ एवढंच दिसतं.

शून्यदर

दोघांचेही आभार. खेपेमागचा ठरलेला खर्च ही किल्ली होती, ती मला सापडतच नव्हती. पण मग सार्वमतानंतर पौंड पडला होता, त्याने तरी निर्यातीला हात द्यायला हवा होता ना? माल परदेशात स्वस्त झाला असणार.

चक्रवाढ

पौंडापासून सुरू करतो आणि मग ४ टक्क्यांकडे येतो.

२३ जूनच्या रात्री पौंड १.५० डॉलरच्या आसपास होता, पहाटे १.३३ च्या खाली गेला. इतकी मोठी घसरण काही तासांत. पुढे ग्राहक महागाई जून २०१६ मधल्या ०.५ टक्क्यांवरून नोव्हेंबर २०१७ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेली. त्यातला मोठा भाग आयात महागल्याचा. म्हणजे देश बाहेर पडायच्या दोनहून जास्त वर्षं आधीच लोकांच्या पगाराची खरेदीशक्ती घटली होती.

निर्यातीला उभारी फारशी मिळाली नाही याची दोन कारणं. एक, ब्रिटनच्या निर्यात मालात आयात कच्चा माल बराच असतो, तो महागला. दुसरं, निर्यातदारांनी किंमत कमी करून बाजार वाढवण्याऐवजी किंमत तीच ठेवून मार्जिन घेतलं. बाजार वाढवायचा तर नवी यंत्रं, नवी लाइन लागते, आणि दोन वर्षांनी युरोपात माल कोणत्या अटीवर जाईल हे माहीत नसताना ती कोण टाकेल? २०१६ ते २०१९ ब्रिटनमधली खाजगी गुंतवणूक सपाट राहिली, हे त्याचंच दुसरं रूप. गट सोडण्याचा परिणाम सीमा उभी राहिल्यावर सुरू होत नाही, अनिश्चितता सुरू होते तेव्हापासून होतो. ओबीआरच्या अंदाजानेही ४ टक्क्यांपैकी साधारण दोन पंचमांश परिणाम करार लागू व्हायच्या आधीच होऊन गेला होता.

आता ते ४ टक्के. हा आकडा दरवर्षीचा नाही. सदस्य राहिलो असतो तर उत्पादकता जिथे पोचली असती त्यापेक्षा सुमारे १५ वर्षांत ती ४ टक्के खाली स्थिरावेल, असा त्याचा अर्थ. तो ओबीआरने स्वतः एका मॉडेलमधून काढलेला नाही, बाहेरच्या अनेक अभ्यासांची ती सरासरी आहे. साखळी अशी: व्यापार १५ टक्क्यांनी कमी, म्हणून परदेशी स्पर्धा कमी; कंपन्या ज्यात चांगल्या आहेत तेवढंच करायचं सोडून जवळ मिळेल ते करू लागतात; बाजार छोटा झाल्याने मोठ्या प्रमाणाचा फायदा जातो. हे सगळं हळू होतं, म्हणून कोणत्याही एका तिमाहीच्या आकड्यात ते सापडत नाही.

कोविड वेगळा काढता येतो का? पूर्णपणे नाही. तीन मार्ग वापरले जातात.

पहिला ‘जुळा देश’. २०१६ च्या आधी ज्या देशांची वाढ ब्रिटनसारखी होती त्यांचं वजनी मिश्रण करून एक काल्पनिक ब्रिटन बनवायचं आणि खऱ्या ब्रिटनशी त्याची तुलना करायची. अडचण ही की मिश्रणात अमेरिकेचं वजन मोठं पडलं तर अमेरिकेने कोविडमध्ये केलेला प्रचंड सरकारी खर्चही ब्रेक्झिटच्या नावावर चढतो. म्हणून असे आकडे वाचताना आधी वजनं बघावीत.

दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो: देशांतर्गत तुलना. कोविड सगळ्या मालाला लागला, सीमेचे कागद काहींनाच. ज्या खाद्यपदार्थांची आयात युरोपातून जास्त आणि ज्यांना कागदपत्रांचा अडथळा मोठा, त्यांच्या किमती बाकीच्यांच्या तुलनेत किती वाढल्या ते बघायचं. सेंटर फॉर इकॉनॉमिक परफॉर्मन्सच्या अशा अभ्यासात २०२१ अखेरपर्यंतच्या दोन वर्षांत ब्रेक्झिटमुळे खाद्यपदार्थ सुमारे ६ टक्के महागल्याचं दिसलं, सरासरी कुटुंबामागे २१० पौंड. उत्पन्नाचा मोठा हिस्सा खाण्यावर जाणाऱ्या कुटुंबांना हा ओझ्याचा वाटा जास्त बसतो.

तिसरा मार्ग कंपनीपातळीचा, तो जकातनोंद यांनी वर दिलाच आहे.

एक सावधगिरी. २०१९ आणि २०२२ चे ब्रिटन-युरोप व्यापाराचे आकडे थेट शेजारी ठेवू नका. सदस्य असताना हा व्यापार इंट्रास्टॅट या कंपन्यांच्या मासिक विवरणपत्रांवरून मोजला जायचा. निर्यातीसाठी जानेवारी २०२१ पासून आणि आयातीसाठी जानेवारी २०२२ पासून तो कस्टम्स डिक्लरेशनवरून मोजला जातो. मोजपट्टीच बदलली. शिवाय २०२२ मध्ये गॅसचे भाव चढल्याने रकमा फुगलेल्या आहेत, म्हणून इंधन आणि मौल्यवान धातू वगळून स्थिर किमतीतली मालिका घ्या.

तराजू

चर्चा एकतर्फी होते आहे असं वाटतं. बाहेर पडल्यावर ब्रिटनला स्वतःचं व्यापार धोरण मिळालं, ते कुणी मोजत नाही. बाहेरच्या जगासाठीच्या नव्या शुल्कतक्त्यात २ टक्क्यांच्या आतली किरकोळ शुल्कं काढून टाकली. कच्च्या उसाच्या साखरेला वर्षाला २,६०,००० टन शून्य शुल्काने येऊ दिलं, जे युरोपच्या बीट उत्पादकांनी कधी होऊ दिलं नसतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी करार झाले, १५ डिसेंबर २०२४ ला प्रशांत क्षेत्राच्या सीपीटीपीपी या व्यापार गटात प्रवेश झाला. आणि युरोपीय संघाला दरवर्षी द्यायची वर्गणीही वाचली.

चक्रवाढ

तराजू, हे फायदे खरे आहेत आणि मोजलेही गेले आहेत, खुद्द ब्रिटिश सरकारने. ऑस्ट्रेलियाच्या कराराचा दीर्घकालीन लाभ सकल उत्पन्नाच्या ०.०८ टक्के, न्यूझीलंडचा ०.०३ टक्के, सीपीटीपीपीचाही ०.१ च्या आतच. सगळे मिळून ४ टक्क्यांच्या जवळही जात नाहीत. याचं कारण अंतर. दोन देशांतला व्यापार त्यांच्या आकाराने वाढतो आणि अंतराने घटतो, हे अर्थशास्त्रातल्या सगळ्यात पक्क्या निरीक्षणांपैकी एक. शिवाय सीपीटीपीपीतल्या बहुतेक देशांशी ब्रिटनचे करार आधीच होते, युरोपीय संघाचे जुने करार नाव बदलून पुढे चालू ठेवलेले. त्यामुळे नवीन मिळालं ते थोडं.

वर्गणीचं म्हणाल तर आठवड्याला ३५ कोटी पौंड हा सार्वमताच्या प्रचारातला आकडा ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सवलत वजा करायच्या आधीचा होता. सवलतीची ती रक्कम युरोपला कधी पाठवलीच जात नसे. युरोपातून परत येणारा पैसा धरला की निव्वळ रक्कम वर्षाला साधारण ९ ते ११ अब्ज पौंडांवर येत होती. आता ढोबळ गणित करा. अडीच हजार अब्ज पौंडांच्या अर्थव्यवस्थेचे ४ टक्के म्हणजे १०० अब्ज. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग कर म्हणून सरकारकडे आला असता. वाचलेल्या वर्गणीच्या तिप्पट.

स्वतःचे नियम बनवण्याच्या स्वातंत्र्याचीही किंमत असते. ब्रिटनने सीई या युरोपीय सुरक्षा चिन्हाऐवजी स्वतःचं यूकेसीए चिन्ह आणलं. म्हणजे एकाच किटलीची दोनदा चाचणी, दोन फाइली. मुदत पुढे ढकलत शेवटी २०२३ मध्ये बहुतेक मालासाठी सीई चिन्ह बेमुदत मान्य केलं. छोट्या बाजारासाठी वेगळी चाचणी करून घ्यायला उत्पादक तयार होत नाहीत, ते माल पाठवणंच कमी करतात.

सेवावाटा

सगळे मालाबद्दलच बोलत आहेत. ब्रिटनच्या निर्यातीत सेवांचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे, आणि करारात सेवांसाठी फारच थोडं आहे.

बँकांची पासपोर्ट व्यवस्था, म्हणजे लंडनच्या परवान्यावर सगळ्या युरोपात धंदा करायची मुभा, ३१ डिसेंबर २०२० ला संपली. जानेवारी २०२१ मध्येच युरोपीय शेअरांच्या उलाढालीत अ‍ॅमस्टरडॅम लंडनच्या पुढे गेलं. युरोपीय बँकिंग प्राधिकरण पॅरिसला आणि औषध संस्था अ‍ॅमस्टरडॅमला त्याआधीच हलली होती. डॉक्टर, वास्तुविशारद यांच्या पदव्यांना मिळणारी आपोआप मान्यताही गेली.

तरीही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, ब्रिटनची सेवा निर्यात भाकितांपेक्षा बरीच चांगली चालली. सल्लागार, कायदा, जाहिरात, संशोधन यांचं काम तारेवरून जातं, त्याला पशुवैद्याची सही लागत नाही. फटका बसला तो जिथे माणूस किंवा परवाना हलवावा लागतो तिथे: वित्त, वाहतूक, दौऱ्यावर जाणारे वाद्यवृंद. वाद्यवृंदाचं सामान वाहणाऱ्या ब्रिटिश ट्रकला युरोपात शिरल्यावर दोनच जादा फेऱ्या करता येतात, त्यातली एकाच देशातल्या दोन ठिकाणांमधली फक्त एक, सात दिवसांत. दहा शहरांचा दौरा त्यात बसतच नाही.

कामगारांबद्दल एकच. युरोपीय नागरिकांचा मुक्त संचार थांबला, पण एकूण स्थलांतर लगेच घटलं नाही; २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर होतं, बहुतेक युरोपबाहेरून. बदललं ते कोण येतं आणि कुठे काम करतं ते. शेतीला सहा महिन्यांच्या हंगामी व्हिसावर अवलंबून राहावं लागलं, म्हणजे दरवर्षी नव्या माणसांना फळ तोडायला शिकवणं.

मूळदेश

शून्यदर यांना हा प्रश्न ब्रिटनपुरताच बघायचा नसेल तर दोन उदाहरणं. व्हेनेझुएलाने २००६ मध्ये दक्षिण अमेरिकेतला अँडीयन गट सोडला, पण आपसातली शुल्क-सवलत त्यानंतर पाच वर्षं चालू राहिली. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटातून बाहेर पडले, पण ते पश्चिम आफ्रिकी आर्थिक आणि चलन संघात आहेत, सीएफए फ्रँक हे चलनही तेच. त्यामुळे सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टशी त्यांचा व्यापार एका छत्राखालीच राहतो, प्रश्न उरतो तो मुख्यतः नायजेरिया आणि घानाशी. गट सोडला एवढं कळून परिणाम सांगता येत नाही. उतरून कोणत्या पायरीवर उभे राहिलात, हे आधी बघायचं.

शून्यदर

शेवटचं विचारतो. मे २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत अन्न आणि वनस्पतींच्या आरोग्य-नियमांबाबत वेगळा करार करायचं ठरलं. तो झाला तर जकातनोंद यांच्या मासळीच्या ट्रकचं काय बदलेल?

जकातनोंद

आरोग्य प्रमाणपत्र जाईल. म्हणजे सही, शिक्का, रंगीत शाई, खोडाखोड आणि ते २०० पौंड. ट्रेसेसची आगाऊ सूचना आणि नाक्यावरची पेटी उघडून होणारी तपासणीही जवळपास जाईल, आणि ग्रुपेज ट्रकला सगळ्यात मोठा दिलासा तोच. सॉसेज आणि बियाण्याच्या बटाट्यांची वाटही त्यातून उघडू शकते. उलट दिशेला, युरोपातून येणाऱ्या मालावर ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून लावलेलं तपासणी शुल्क, मध्यम जोखमीच्या मालाला कागदावरच्या प्रत्येक मालाच्या ओळीमागे २९ पौंड आणि खेपेला जास्तीत जास्त १४५, त्याचंही कारण उरणार नाही. बदल्यात ब्रिटनला त्या क्षेत्रातले युरोपीय नियम जसे बदलतील तसे स्वीकारावे लागतील.

राहील ते हे: दोन्ही बाजूंची कस्टम्स डिक्लरेशन, कमोडिटी कोड, मूळ देशाचं निवेदन, नंबरप्लेटशी जोडलेला बारकोड. कॅच सर्टिफिकेटचा कायदा वेगळा आहे, तो मत्स्यव्यवसायाचा, त्यामुळे आरोग्य-करार झाला म्हणून तो कागद आपोआप सुटला असं निर्यातदाराने गृहीत धरू नये. माझ्या वरच्या उदाहरणातले खेपेमागचे ४०० पौंड साधारण निम्म्यावर येतील. २,००० पौंडांच्या खेपेवर मग १० टक्के पडतील. ८ टक्के मार्जिनवाल्याला तेही परवडत नाही. त्याला आठवड्याच्या दोन खेपांची एक करावी लागेल, आणि ताज्या मासळीत ते करता येत नाही.